हनुकियाला यंदा तेल की मेणबत्त्या?

नवगावची_लेक (धागाकर्ती)
सगळ्यांना नमस्कार. या संस्थळावर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजाची, मंडळी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, पण इस्रायलमधले बरेच जण नुसतं वाचून जातात हे माहीत आहे, म्हणून इथेच विचारते.

यंदा (२०२५) १४ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी, हनुकाचा, म्हणजे आपल्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा. माहेरी आम्ही कायम मेणबत्त्या लावल्या. ४४ रंगीत मेणबत्त्यांचा खोका कुणीतरी तिकडून येताना आणायचं, की आठही रात्रींची सोय झाली. सासरी मात्र जुना हनुकिया (हनुकाचे दिवे ठेवायचं साधन) आहे: लाकडी फळी, तिच्यावर दाविदाच्या ताऱ्याच्या आकारात पितळी कड्या आणि कड्यांत बसणारे काचेचे पेले. सासूबाई सांगतात, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत यात खोबरेल जळायचं. पुढे पेले फुटत गेले आणि फळी माळ्यावर गेली. आता पेले पुन्हा जमवलेत, पितळ घासून झालंय.

तेलच लावावं का? लावायचं तर ऑलिव्हचंच हवं का? नवरा म्हणतो, मेणबत्ती लाव आणि मोकळी हो. ठाण्यातला लहान फ्लॅट आहे आणि घरात तीन वर्षांचं पोर आहे, तेवढं ध्यानात घेऊन सांगा.

शनवार_तेली
शालोम पोरी. इस्रायलमधल्या रामल्याहून लिहितोय. आपल्या लोकांना अलिबाग-पेण-रोह्याकडे गाव काय म्हणायचं? शनवार तेली. शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही म्हणून. तेल्याच्या घरात येऊन विचारतेस मेणबत्ती लावू का! फळी खाली काढली आहेस ना, मग तेल घाल. आमची आजी रेवदंड्याला खोबरेलच घालायची, आणि तिला कुणी विचारलं नाही की बाई, ऑलिव्ह कुठाय.

कुंदा_सातारकर
मी तुमच्या समाजातली नाही, उत्सुकतेने विचारते. दिवाळीच्या पणत्या घरोघरी उरलेल्या असतात. त्या ओळीने नाही का लावता येत? नाहीतर पितळी समई? पाच वातींची एक आणि तीन वातींची एक, झाले आठ!

शास्त्रार्थ
कुंदाताई, प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, त्यावर खरोखर चर्चा झालेली आहे.

मातीच्या पणतीबद्दल शुलहान आरूखमध्ये (योसेफ कारो यांचा सोळाव्या शतकातला ग्रंथ, यहुदी आचारधर्माचा मुख्य आधार) स्पष्ट लिहिलंय: एका रात्री लावलेली साधी मातीची पणती दुसऱ्या रात्री वापरायची नाही. माती तेल पिते, काळी पडते, ओंगळ दिसते. म्हणजे आठ रात्रींना छत्तीस कोऱ्या पणत्या लागतील. धातू किंवा काच पुसली की स्वच्छ, म्हणून ती चालते. दिवाळीतल्या जुन्या पणत्या तर बादच.

समईचं असं की दोन तोंडांचा दिवा दोन दिवे म्हणून धरतात, त्यामुळे तोंडं मोजायला हरकत नाही. अट एवढीच की प्रत्येक ज्योत सुटी दिसली पाहिजे. परातीत तेल ओतून कडेने वाती लावल्या तर तो दिवा नव्हे, शेकोटी झाली, असं तलमूद (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांचा प्राचीन ग्रंथ) म्हणतं. समईची तोंडं गोलाकार असतात आणि रिवाज सरळ ओळीचा आहे, त्यामुळे मी टाळेन. शिवाय शमाश, म्हणजे ज्याने बाकीचे दिवे लावायचे तो नववा, वेगळा ठेवावा लागतो. त्याचं कारण असं की या आठ दिव्यांच्या उजेडात कामं करायची नसतात. वाचायचं, निवडायचं, टिपायचं असेल तर उजेड शमाशचा धरायचा.

आता मूळ प्रश्न. तलमूदच्या शब्बाथ प्रकरणात रब्बी येहोशुआ बेन लेवी यांचं मत आहे: सगळी तेलं दिव्याला चांगली, पण ऑलिव्हचं सर्वांत उत्तम. कारण उघड आहे, जेरुसलेमच्या मंदिरात जी एका दिवसापुरती कुपी सापडली आणि आठ दिवस जळली, ती ऑलिव्ह तेलाची होती. तेव्हा धागाकर्तीने ऑलिव्हच घ्यावं. पुढचा वाद कशाला?

शनवार_तेली
शास्त्रार्थभाऊ, त्याच पानावरची पुढची ओळ गिळलीत. अबाये सांगतो की त्याचे गुरू रब्बा आधी तिळाचं तेल शोधून आणायचे, कारण ते जास्त वेळ जळतं. तिळाचं! आमच्या घाण्यातलं! बाबिलोनमधला एवढा मोठा माणूस तीळ घालत होता, तर रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या म्हाताऱ्याने घातलं म्हणून काय बिघडलं?

शास्त्रार्थ
आणि तुम्ही त्याच्याही पुढची ओळ गिळलीत :) बेन लेवींचं मत कळल्यावर रब्बा ऑलिव्हकडे वळले. म्हणाले, याचा उजेड अधिक स्वच्छ. आधी टिकाऊपणा पाहत होते, मग निर्मळपणा पाहू लागले.

तरी तुमचा मुद्दा मान्य. तीळ चालतं का यावर तिथे शंकाच नाही, तुलना दोन चालणाऱ्या तेलांतली आहे.

रोह्याचा_पोरगा
मग मेणबत्ती आली कुठून? लहानपणापासून मला वाटायचं की मेणबत्ती हीच खरी पद्धत आणि तेलवाले जुन्या वळणाचे.

शास्त्रार्थ
उलट आहे. ऑलिव्हची झाडं भूमध्य समुद्राच्या काठची. पोलंड-जर्मनीकडे ते तेल दुर्मीळ आणि महाग. क्राकोचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी शुलहान आरूखवर टिपा लिहिल्या, त्यात म्हटलंय की आमच्या देशांत मेणाच्या मेणबत्त्या लावायची चाल आहे, कारण त्यांचाही उजेड तेलासारखा स्वच्छ असतो. ते मेण मधमाश्यांचं, पॅराफिन फार पुढचं. सगळ्यांना ते पटलं असंही नाही. प्रागचे रब्बी महारल तेलाचाच आग्रह धरून होते. पण चाल पडली आणि तिथूनच ती जगभर गेली. आज मुंबईत मिळणारा रंगीत खोका हा त्या थंड मुलखातल्या अडचणीचा वारस आहे.

स्पेन, मोरोक्को, इराक, येमेनकडचे लोक तेलच जाळत राहिले. कोचीनच्या यहुद्यांचे पितळी हनुकियेही तेलाचेच.

किनारा
धागा वाचतोय, मजा येतेय. एक भर घालतो. कोकणात ऑलिव्ह कधीच नव्हतं. नारळ होता, तीळ होता, आणि गरिबाच्या दिव्याला उंडीचं नाहीतर करंजाचं कडू तेल. उंडीचं तेल जळताना धूर आणि वास किती करतं हे ज्याने पाहिलंय तोच जाणे. त्यामुळे ‘स्वच्छ उजेड’ हा निकष लावला तर खोबरेल आपल्याकडचं उत्तमच म्हणायचं. पोलंडच्या लोकांना अडचण म्हणून मेण चालतं आणि नवगावच्या लोकांना अडचण म्हणून नारळ चालत नाही, हे काही पटत नाही बुवा.

नवगावची_लेक
किनारा, सासूबाईंना वाचून दाखवलं, खूश झाल्या. पण मध्येच एक शंका. आमचे वडीलधारे सांगतात की बेने इस्राएल लोकांत पूर्वी हनुका नव्हताच. मग ही ‘आपली पद्धत’ नक्की किती जुनी?

शास्त्रार्थ
बरोबर सांगतात. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि ते लोक मंदिराच्या त्या घटनेआधीच निघाले होते म्हणून हनुका त्यांना ठाऊक नव्हता, अशी समाजातली परंपरा आहे. शब्बाथ (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा विसाव्याचा दिवस), सुंता, शमा ही प्रार्थना आणि ठरावीक सण एवढं टिकलं. हनुका पुढे कोचीनच्या आणि बगदादी यहुद्यांशी संबंध वाढले तसा आला. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बांधलं, पुढच्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल अशी रांग लागली. तेव्हा तुमची फळी प्राचीन नाही, पण चार पिढ्यांची तर आहेच. चार पिढ्यांनी केलं की ती चालच झाली.

आणि तारा पाहून मला जरा थबकायला झालं होतं हे कबूल. रिवाज सगळे दिवे एका ओळीत, एका उंचीवर ठेवायचा आहे. ताऱ्याच्या कड्यांमध्ये वरखाली होतं. पण कड्या सुट्या आहेत, ज्योती मिसळत नाहीत, म्हणजे मूळ अट पाळली जाते. मुंबईतल्या बेने इस्राएल घरांतून गेलेले असे हनुकिये आता संग्रहालयांत दिसतात. फळी वापरा. मनात खटका राहिला तर तेच पेले खिडकीशी ताटात सरळ मांडा.

लाकडी_घाणा
धर्माचं मला कळत नाही, तेलाचं कळतं. सांगलीकडे घाणा आहे आमचा, शनिवारी चालू असतो.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. मुंबई-ठाण्यात डिसेंबरच्या संध्याकाळी बहुतेक वेळा अडचण येत नाही. पुण्यात रात्री येईल, आणि रामल्याला तर काकांचं खोबरेल डालड्यासारखं पांढरं होत असणार. थिजलेल्या तेलात वात पेटते, जवळचं वितळलेलं तेल संपवते आणि विझते. थोडं तीळ तेल मिसळलं की थिजणं कमी होतं.

तीळ तेल संथ जळतं, तुमच्या त्या रब्बांचं निरीक्षण पक्कं आहे. ऑलिव्ह जाडसर असतं, वातीतून हळू चढतं. त्यामुळे कोरडी वात टाकून काडी लावली तर नुसती वातच जळते आणि मग लोक म्हणतात तेल भेसळीचं. वात आधी तेलात भिजवायची, बोटांनी निपटायची, टोक थोडं पिंजायचं, मग ठेवायची. फुलवात नको, ती जाड आणि ज्योत मोठी करते. बारीक लांब वात घ्या. बारीक वातीला चमचाभर, म्हणजे ५ मिली तेल, अर्ध्या तासाला पुरतं. वात जाड केली की हिशेब मोडला.

सगळ्यांत महत्त्वाचं: महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन दिव्यात ओतू नका हो. साधं घ्या.

शनवार_तेली
घाणेवाले, शंभर टक्के बरोबर. इथे थंडीत खोबरेल दगड होतं. इथे दुकानात ‘दिव्यासाठी’ म्हणून वेगळं ऑलिव्ह तेल मिळतं, खायचं नसतं, स्वस्त असतं. घट्ट केलेल्या तेलाच्या तयार पेल्याही मिळतात, वातीसकट. सुनेला त्या आवडतात. मला त्यात राम वाटत नाही, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी आम्हाला कुणी दिल्या असत्या तर आम्हीही घेतल्या असत्या.

वसतिगृह_३०२
पुण्यात शिकतो. खोलीत आग लावायला सक्त बंदी आहे. विजेवरचा हनुकिया चालतो का? बाबा म्हणतात चालत नाही, आई म्हणते काहीच न करण्यापेक्षा बरा.

शास्त्रार्थ
बहुतेक रब्बींच्या मते विजेच्या दिव्यावर बराखा (दिवा लावतानाचं आशीर्वचन) म्हणायची नाही, कारण तेल-वात-ज्योत असं त्यात काही नाही. लावायचा तर बराखा न म्हणता लावा, आई-बाबा दोघंही बरोबर ठरतील. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग किंवा कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल दाविद, गाठता आलं तर संध्याकाळी तिथे जा.

मी_अग्निशामक
(आयडीवर जाऊ नका, सोसायटीचा सचिव आहे फक्त.) सगळे तेलाची आरती ओवाळताय, तीन वर्षांच्या पोराचं काय? मेणबत्ती पडली तर विझू तरी शकते. तेलाचा पेला पडला तर पेटतं तेल पसरतं. पेटत्या तेलावर घाबरून पाणी ओतलं तर आणखी भडका. पोर लहान असेल तर मेणबत्ती, विषय संपला.

रोह्याचा_पोरगा
मेणबत्तीही साधी नाही हो दादा. खोक्यातल्या त्या बारीक मेणबत्त्या जवळजवळ बसवल्या की आठव्या रात्री एकमेकींना वितळवतात. एक वाकली की शेजारची धरते, खाली मेणाचं तळं. आमच्या पत्र्याच्या हनुकियावर असं तळंच पेटलेलं पाहिलंय. आठव्या रात्री तेल काय आणि मेण काय, समोर माणूस बसलेला पाहिजे.

नवगावची_लेक
फळी भिंतीला छातीच्या वर उंचीवर ठोकलेली असते, पोराचा हात पोचत नाही. पेले कड्यांत अर्ध्यापर्यंत आत बसतात, सहजी उलटत नाहीत. पडदा बाजूला करीन आणि पंखा बंद.

सासूबाई पेल्यात खाली पाणी आणि वर तेल घालायच्या. तसं करू का?

लाकडी_घाणा
करता येईल. तेल वर तरंगतं, कमी लागतं, आणि संपत आलं की पाण्याला टेकून वात आपोआप विझते. पण वात तरंगती हवी, बुचाच्या चकतीतली. तारेच्या कडीत अडकवलेली लांब वात पाण्यात बुडली तर सुरुवातीपासून तडतड करते आणि थेंब उडतात. काच जाड असू द्या. स्वस्तातले पातळ पेले शेवटच्या तडतडीत तडकतात. पेला काठोकाठ कधीच भरू नये.

पनवेलची_सून
एवढा वेळ नुसती वाचत होते. कुणी शुक्रवारचं बोललंच नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो.

रोज दिवा तारे दिसल्यानंतर निदान अर्धा तास जळला पाहिजे. खोक्यातली मेणबत्ती साधारण तेवढीच जळते, म्हणून इतर दिवशी भागतं. पण शुक्रवारी हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायचे, म्हणजे सूर्य मावळायच्या आत. यंदा १९ डिसेंबरला सहावी रात्र. मुंबईकडे सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो, म्हणजे पावणेसहाच्या आधी सगळं पेटलेलं हवं, आणि सातपर्यंत टिकायला हवं. सव्वा तास. रंगीत मेणबत्ती तारे दिसायच्या आत संपते. शब्बाथ लागला की हातही लावता येत नाही.

त्यामुळे आमच्याकडे इतर दिवशी काहीही असो, शुक्रवारी तेल. पेल्यात १५ मिली, बारीक वात. मेणबत्तीच लावायची तर शब्बाथची जाड मोठी लागेल, आणि ती हनुकियाच्या भोकात बसत नाही.

मी_अग्निशामक
हे माहीत नव्हतं. शुक्रवारपुरती माघार घेतो.

कुंदा_सातारकर
मग रोज मेणबत्ती आणि शुक्रवारी तेल, असं बदललं तर चालतं? आणि तेल कमी पडलं तर अर्धे पेले तेलाचे, अर्ध्या मेणबत्त्या?

शास्त्रार्थ
रात्रीगणिक बदललं तर चालतं. एकाच रात्री अर्धं-अर्धं करू नये. पाहणाऱ्याला दोन माणसांनी दोन वेगवेगळे दिवे लावल्यासारखं दिसतं आणि आज कितवी रात्र तेच कळत नाही. शमाश मेणबत्तीचा असला तरी बिघडत नाही. उलट बरंच, तेलाच्या पेल्याने दुसरा पेला लावणं म्हणजे बोटं भाजून घेणं.

आणखी एक. अश्केनाझी (पोलंड-जर्मनीकडच्या यहुदी) घरांत प्रत्येक जण आपला हनुकिया लावतो. आपल्याकडे सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) चालीप्रमाणे घराला एकच पुरतो. म्हणजे आठ रात्रींचे मिळून छत्तीस पेले. पेल्याला १० मिली धरलं तर ३६० मिली, शुक्रवारचं थोडं जास्त. अर्धा लिटरची एक बाटली झाली. ‘ऑलिव्ह परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. आजीच्या काळी ते मिळत नव्हतं म्हणून खोबरेल होतं. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

शनवार_तेली
बाटली मी पाठवतो, पण शमाशच्या शेजारी एका वाटीत खोबरेलही ठेव पोरी. मोजणीत धरू नकोस. आजीसाठी.

शास्त्रार्थ
मोजणीत न धरता ठेवलेली वाटी पाहणाऱ्याला मोजणीतलीच दिसते, काका. दुसऱ्या खोलीत ठेवा.

शनवार_तेली
हा माणूस सुधारणार नाही. बरं, स्वयंपाकघरात. तिथे तशीही वड्यांची कढई असणार.

नवगावची_लेक
दोघांनीही भांडू नका, ठरलं. आठही रात्री तेल, साधं ऑलिव्ह, तरंगत्या वाती, शमाश मेणबत्तीचा. नवऱ्याने हिशेब वाचला आणि गप्प बसला. खोबरेलाबद्दल सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा ऑलिव्ह मिळालं असतं तर आम्ही काय नको म्हटलं असतं?

एक शेवटचं. पेल्यात उरलेल्या तेलाचं काय करायचं? भाजीला वापरणार नाहीच, पण बेसिनमध्ये ओतवतही नाही.

पनवेलची_सून
रोज उरेल ते दुसऱ्या दिवशीच्या पेल्यात घालायचं. आठव्या रात्रीनंतर उरलेलं तेल आणि वाती एकत्र करून जाळून टाकायच्या, दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत. आम्ही गॅलरीत जुन्या पातेल्यात जाळतो. थोडंच करा, धूर होतो. बाटलीत जे ओतलंच नाही ते मात्र खुशाल स्वयंपाकाला घ्या, ते दिव्याचं झालेलं नसतं.

मी_अग्निशामक
गॅलरीत जाळताना वरच्या मजल्यावरचे कपडे बघा. आणि सचिवाला आधी सांगा.